हानेडाहून शहरात येतानाचा पाण्यावरचा तात्पुरता रस्ता: पाचपैकी चार

टोकियोतल्या हॉटेलांवर, रामेनवर आणि देवळांवर आपल्या लोकांनी पोतंभर लिहिलंय. मी एका रस्त्यावर लिहितेय, आणि तोही कायमचा नाही. शुतो एक्स्प्रेसवे म्हणजे टोकियोतल्या टोलच्या जलद रस्त्यांचं जाळं. त्याचा हानेडा विमानतळाकडे जाणारा रूट 1, म्हणजे हानेडा लाइन, हिगाशी-शिनागावा ते सामेझु या पट्ट्यात समुद्राच्या पाण्यावरून जाते. तिथला सुमारे 1.9 किलोमीटरचा जुना रस्ता पाडून नवा बांधायचं काम 2016 मध्ये सुरू झालं. हा रस्ता बंद ठेवणं परवडणारं नाही, दिवसाला सत्तर हजारांच्या आसपास गाड्या जातात. म्हणून जुन्या मार्गाला खेटून, पाण्यात खांब ठोकून, दोन लेनचा वेगळा रस्ता उभारला आणि सप्टेंबर 2017 मध्ये विमानतळाकडून शहराकडे येणारी सगळी वाहतूक त्यावर वळवली. त्या वळवलेल्या रस्त्याचा हा रिव्ह्यू.

आधी हा रस्ता कुणाच्या वाट्याला येतो ते सांगते. निशी-कासाईतल्या मराठी मंडळींच्या नाही. त्यांना हानेडाहून वांगान लाइन, म्हणजे शुतोचाच खाडीकाठचा रस्ता, सरळ घराकडे नेते, त्यांनी इथेच वाचन थांबवलं तरी चालेल. आम्ही राहतो इकेबुकुरोच्या बाजूला. आम्हाला दोन वाटा. एक, ओइ जंक्शनवरून यामाते बोगद्यात शिरायचं. दुसरी, हानेडा लाइनने हामाझाकिबाशी जंक्शनपर्यंत यायचं आणि तिथून सी-वनचं, म्हणजे शहराच्या मध्यभागाभोवतीच्या शुतोचं, वर्तुळ पकडायचं. बोगद्याने बरं पडतं, गर्दीच्या वेळी तर नक्कीच. पण तो 18.2 किलोमीटरचा आहे. रात्रभर विमानात अवघडून आलेल्या माणसाला टोकियोचं पहिलं दर्शन म्हणून पिवळ्या-पांढऱ्या दिव्यांची भिंत दाखवायची, हे मला जिवावर येतं. शिवाय आमच्याकडे येणारे पाहुणे खिडकीला नाक लावून बसणारे. त्यामुळे मी हानेडा लाइन घेते.

गाडी चालवणाऱ्याला हा तात्पुरता रस्ता आहे हे कळतं कसं? खरं सांगायचं तर नीटसं कळतच नाही, आणि माझ्या चार ताऱ्यांपैकी दोन तेवढ्यासाठीच आहेत. कात्सुशिमा मागे टाकलं की थोड्या वेळात रस्ता किंचित एका अंगाला सरकतो आणि लगेच पुन्हा सरळ होतो. बस्स. डांबर नेहमीचं, पट्टे नेहमीचे, कडेचे कठडे नेहमीचे. शेजारी बसलेला माणूस मोबाइलमध्ये असेल तर त्याला पत्ताही लागत नाही. पुढे जुन्या मार्गाला मिळताना पुन्हा तसाच हलका झोल. हा दुहेरी झोल अंगवळणी पडायला मला जड गेलं नाही, कारण इथलं लायसन्स मी सामेझूच्या परीक्षा केंद्रात काढलंय. भारतीय लायसन्स बदलून घेताना तिथे गाडी चालवून दाखवावी लागते आणि त्यात एस आकाराचं अरुंद वळण असतं. चाक कडेवर चढलं की घरी जा. त्या केंद्रापासून हाकेच्या अंतरावर सरकारनेच एवढा मोठा एस काढून ठेवलाय हे बघून मला दरवेळी हसू येतं.

माझ्या गाडीतल्या नेव्हिगेशनला मात्र तो झोल मान्य नव्हता. गाडी सेकंडहँड, तिच्यातला नकाशा 2017 च्या आधीचा. रस्ता सरकला की स्क्रीनवरचा बाण जुन्या रेषेवरून घसरून निळ्या रंगात जायचा आणि आम्ही बराच वेळ पाण्यातून चालल्याचं दिसायचं. एकदा तर नेव्हिगेशनमधल्या बाईने अतिशय नम्रपणे जवळच्या रस्त्यावर परत यायची विनंती केली. भाड्याची जुनी गाडी घेतलीत आणि असं झालं तर घाबरू नका, पुढे बघून चालवा.

आता बाबा. बाबांशिवाय हा रिव्ह्यू अर्धाच राहील. ते पीडब्ल्यूडीतून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर पूल, मोऱ्या आणि ठेकेदार. 2023 मध्ये आई-बाबा पहिल्यांदा इथे आले तेव्हा मी त्यांना हानेडाहून याच रस्त्याने आणलं. आई मागे डोळे मिटून. बाबा पुढे, पट्टा लावून, हात मांडीवर, सरकारी जीपमध्ये बसायचे तसे. गाडी त्या पहिल्या झोलातून गेली आणि ते म्हणाले, "डायव्हर्शनवर आलो का गं आपण?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"एवढ्या सरळ रस्त्याला उगाच कोण वळण देईल? मूळ अलाइनमेंट सोडली त्यांनी. खाली काय आहे?"

"पाणी. समुद्राचं. कालवा आहे."

त्यानंतर घरी पोचेपर्यंत त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की पुढचे काही दिवस मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत त्याचीच माहिती शोधत बसले. खालचं बरंचसं त्यातून आलंय, आणि उरलेलं बाबांच्या टिप्पण्यांतून.

मुळात जुना रस्ता पाडायची वेळ का आली? टोकियोत 10 ऑक्टोबर 1964 ला ऑलिंपिक सुरू व्हायचं होतं. विमानतळ हानेडाला, मैदानं शहरात, आणि मधे दाट वस्ती. घरं ताब्यात घेत बसले असते तर ऑलिंपिक संपून गेलं असतं. म्हणून शुतोच्या आखणीत जिथे जमेल तिथे नद्या आणि कालवे वापरले. पाण्याला सातबारा नसतो, हे बाबांचं भाष्य. क्योबाशी ते शिबाउरा हा शुतोचा पहिला तुकडा डिसेंबर 1962 मध्ये सुरू झाला, आणि बरोबर वर्षाने, डिसेंबर 1963 मध्ये, शिबाउरापासून सुझुगामोरीपर्यंतचा. आपला पट्टा त्यातलाच. घाईत केला म्हणून वाईट केला असं नाही, अर्धशतक तो टिकला. पण तो पाण्याच्या फार जवळ ठेवला. हिगाशी-शिनागावाकडचा भाग म्हणजे चक्क एक लांबलचक धक्का, आणि सामेझूकडचा तुकडा भरावावर. रस्त्याचं पोट आणि पाणी यांच्यात अंतर एवढं थोडं की खाली शिरून नीट तपासणी करणंच मुश्कील.

हे ऐकल्यावर बाबांनी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. त्यांचं म्हणणं असं: काँक्रीट वाईट नसतं, लोखंड वाईट नसतं, पण जिथे माणसाला हात पोचत नाही ते काम कधीतरी दगा देतं. खारं पाणी काँक्रीटमध्ये हळूहळू झिरपतं. सळईपर्यंत मीठ पोचलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून आतून दाब येतो, वरचं कव्हर तडकतं आणि एक दिवस खपली निघून खाली पडते. आता सळई उघडीच, मग गंजायचा वेग आणखी वाढतो. सगळ्यात वाईट जागा पाण्याखालची नाही. तिथे ऑक्सिजन कमी मिळतो. वाईट जागा म्हणजे लाटा थडकतात तो पट्टा, जो भरती-ओहोटीत कधी ओला, कधी कोरडा होतो. आणि या जुन्या रस्त्याचं पूर्ण पोट जवळपास त्याच पट्ट्यात. वर्षानुवर्षं ठिगळं लावली, शेवटी पाडून नवं बांधायचं ठरलं.

पण पाडायचं कसं, वरून सत्तर हजार गाड्या जात असताना? इथे या तात्पुरत्या रस्त्याची खरी कामगिरी आहे. क्रम लक्षात ठेवायला मी सरळ खो-खो डोळ्यांपुढे आणते. आधी शहराकडे येणाऱ्या लेन उठून तात्पुरत्या रस्त्यावर बसल्या. त्यांची जागा मोकळी झाली, तिथला जुना रस्ता पाडून नवा बांधला. मग जून 2020 मध्ये विमानतळाकडे जाणाऱ्या लेन उठून त्या नव्या जागेवर बसल्या. त्यांची जुनी जागा मोकळी, ती पाडायची, तिथे नवं बांधायचं. ते झालं की विमानतळाकडच्या लेन आपल्या हक्काच्या जागी जाणार, शहराकडच्या लेन तात्पुरत्यावरून उठून आपल्या जागी येणार, आणि मग हा तात्पुरता रस्ता काढून टाकणार. म्हणजे जो सगळ्यांत आधी बांधला तो सगळ्यांत शेवटी जाणार. अख्ख्या खेळात मोकळी जागा एकच, आणि ती पाण्यातून मिळवलेली.

त्यामुळे विमानतळावर कुणाला सोडायला जाताना आणि आणायला जाताना तुम्ही दोन वेगळ्या पिढ्यांच्या रस्त्यांवरून जाता. जाताना नवा, येताना तात्पुरता. बाबांना परत सोडायला गेलो तेव्हा हा फरक मी त्यांना मुद्दाम दाखवला. नवा रस्ता पाण्यापासून वर उचलून बांधलाय, आणि त्याच्या पोटाखाली तपासणीसाठी कायमची फिरती जागा, म्हणजे परांचीसारखी व्यवस्था, आधीपासूनच करून ठेवलीय. बाबा खूश. "परांची कायमची ठेवली ना? मग झालं. बाकी काही का असेना." त्यांच्या अख्ख्या नोकरीत त्यांना पुलाखाली जायला धड शिडी मिळाली नव्हती, हे मला माहीत होतं.

तात्पुरत्या रस्त्यावर मात्र त्यांचा लगेच विश्वास बसला नाही. त्यांच्या डोक्यातलं डायव्हर्शन म्हणजे वेगळीच गोष्ट. नदीवरचा पूल दुरुस्तीला काढला की पात्रात सिमेंटचे पाइप आडवे टाकायचे, त्यांवर मुरूम, दोन्ही अंगांना दगडांची पिचिंग, आणि पाटी: वळण रस्ता, वाहने सावकाश चालवा. हे सगळं मे अखेरपर्यंतच्या बोलीवर. पहिला जोराचा पाऊस झाला की रात्री फोन यायचा, "साहेब, डायव्हर्शन गेलं." मी लहानपणी हा फोन अनेकदा उचललाय. बाबा टॉर्च आणि रेनकोट घेऊन निघायचे आणि आई त्यांच्यामागे डबा घेऊन दारापर्यंत.

मी त्यांना विचारलं, मग हा का जात नाही? ते एकदम शिकवायच्या पवित्र्यात आले. पाइप टाकून मुरूम भरला की आपण नदी अडवतो. चार पाइपांतून जेवढं पाणी जाईल तेवढंच जाणार, पूर आला की ते वरून चढणार आणि मुरूम कापत नेणार. इथे अडवलंच काही नाही. पाइल, म्हणजे तळात खोल जाणारे खांब, ठोकले, त्यांवर गर्डर म्हणजे तुळया, त्यांवर डेक म्हणजे रस्त्याचा पृष्ठभाग. पाणी खालून येतं आणि जातं. शिवाय हा कालवा भरती-ओहोटीचा, पाणी दोन्ही दिशांनी वाहणार, त्यात भराव टाकला असता तर अर्ध्या शहराचं गणित बिघडलं असतं. पण पाइलही आंधळेपणाने ठोकून चालत नाहीत. पाइलभोवती पाण्याचा भोवरा बनतो आणि तळाची माती उकरली जाते, ती किती उकरली जाईल हे धरून खोली ठरवायची. पाइल ठोकताना गाळ ढवळून वर येतो, तो पसरू नये म्हणून पाण्यात पडदा सोडायचा. आणि हे सगळं चालू मोनोरेल आणि चालू हायवे यांच्या शेजारी, क्रेनचा दांडा कुठे वळवायचा याचाही हिशेब. "आपल्याकडे निदान क्रेन फिरवायला शेत तरी असतं," असं म्हणून ते गप्प झाले.

मग त्यांनीच कळीचा मुद्दा काढला. तात्पुरतं म्हणजे किती दिवसांचं? त्यांच्या अनुभवात तात्पुरत्या कामाचं आयुष्य एका हंगामाचं, फार तर दोन. म्हणून तिथे काटकसर चालते. हा रस्ता 2017 मध्ये सुरू झाला आणि बाबा त्यावरून गेले तेव्हा सहावं वर्ष चालू होतं, तरी खेळ संपायला अवकाश होता. एवढी वर्षं उभं राहायचं तर भूकंप धरायचा, वादळ धरायचं, गंज धरायचा. कायमच्या पुलाला लागते ती बहुतेक सगळी काळजी इथेही आली, फक्त शेवटी सगळं उपटून न्यायचंय हे लक्षात ठेवून. मला वाटतं या रस्त्याचा न्याय तसाच करायला हवा. 'तात्पुरता आहे, चालायचंच' ही सवलत त्याला देऊ नये. आणि सवलत न देताही तो चांगला ठरतो.

बाबांचं गाडीतून समाधान होईना. खरंच, गाडीतून फारसं दिसत नाही. दोन लेन, कठडे, पुढच्या ट्रकचा पार्श्वभाग. तेव्हा एका दुपारी मी त्यांना हामामात्सुचोहून मोनोरेलने नेलं. ज्यांना हा रस्ता खरंच बघायचाय त्यांना माझा हाच सल्ला. टोकियो मोनोरेल याच कालव्याच्या कडेने, या कामाला लागूनच धावते. तीही 1964 चीच, ऑलिंपिकच्या जेमतेम तीन आठवडे आधी सुरू झालेली. डब्यात मधल्या सीट चाकांच्या वर असल्याने उंच ओट्यावर असतात. तिथे बसा. तेन्नोझु आइल गेलं की मोबाइल खिशात ठेवा, ओइ केइबाजो-माए येईपर्यंत बाहेर बघा.

तिथून एका नजरेत तीन काळ दिसले. जुन्याची मोडतोड, नव्याचे ताजे फिकट खांब, आणि त्यांच्या पलीकडे तात्पुरत्या रस्त्यावरून शांतपणे जाणाऱ्या गाड्या. ओहोटी होती. खांबांवर पाण्याच्या वर एक गडद ओला पट्टा दिसत होता, भरतीची खूण. त्याच्या खालच्या भागावर शिंपल्यांची खरखरीत साय चढलेली. बाबांनी काचेवर बोट टेकवलं आणि पट्ट्याच्या वरच्या कडेपासून रस्त्याच्या पोटापर्यंत बोटांनी अंतर मोजलं. मग जुन्याच्या उरलेल्या तुकड्याचं मोजलं. काही बोलले नाहीत, फक्त दोन बोटं माझ्यासमोर धरली, एकदा लांब, एकदा जवळ. पुढच्या सीटवरचे सूटवाले काका वळून बघायला लागले तेव्हा मी विषय बदलला. खाली एका सपाट तराफ्यावर क्रेन उभी होती आणि हेल्मेट घातलेला माणूस शिट्टीच्या तालावर हात हलवत होता. आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. परत येतानाही बाबांनी तीच बाजू पकडली.

आता तक्रारी, नाहीतर रिव्ह्यू कसला.

पहिली, शोल्डर, म्हणजे लेनच्या कडेला गाडी थांबवायला ठेवलेली पट्टी. शुतोवर एरवीही शोल्डर नावालाच असतं, इथे तर गाडी बंद पडली तर जायचं कुठे हा प्रश्नच आहे. निघण्यापूर्वी टायर आणि पेट्रोल बघून घ्या, हे मी कुठल्याही शुतो प्रवासाला सांगेन, इथे जरा जोरात सांगते. नवशिक्यांना शेजारच्या लेनमध्ये कंटेनर आला की कठडा अंगावर आल्यासारखा वाटतो. माझ्या एका मैत्रिणीने या पट्ट्यात इतका वेळ श्वास रोखून धरला की शिबाउराला तिने खिडकी उघडून घेतली.

दुसरी, टोल. रस्ता तात्पुरता, टोल कायमचा. शुतोचा दर अंतरावर ठरतो. एप्रिल 2022 मध्ये लागू झालेल्या दरांनुसार साध्या गाडीला ईटीसीवर, म्हणजे न थांबता कार्डावरून टोल कापणाऱ्या यंत्रणेवर, 300 येनपासून 1,950 येनपर्यंत लागायचे, आणि पाण्यावरच्या डायव्हर्शनवरून गेलात म्हणून त्यात एका येनची सूट नाही. बाबांना हे पटलं. त्यांच्या मते बंद न ठेवल्याबद्दल उलट जास्त घ्यायला हवेत. मी त्यांना सांगितलं, टोल तुम्ही भरत नाही आहात.

तिसरी तक्रार अगदी माझी एकटीची असेल. एवढं मोठं काम चाललंय आणि त्यावरून जाणाऱ्याला ते कळायला काहीच सोय नाही. पाट्या आहेत, पण त्या लेन आणि वळणाबद्दल, तेही बहुतेक जपानीत. ते योग्यच म्हणा, चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघावं. पण बसलेल्यांसाठी एखादं वाक्य कुठेतरी असतं तर आमच्या पाहुण्यांनी 'समुद्र कुठे दिसतो' असं विचारलं नसतं. ते समुद्रावरच असतात तेव्हा.

एका गोष्टीवर बाबांचं आणि माझं जमलं नाही. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या पूर्व काठावरच्या एफडीआर ड्राइव्हची दुरुस्ती 2000 च्या दशकात झाली तेव्हाही असाच उपाय केला होता. ईस्ट रिव्हरमध्ये, काठाच्या बाहेर, तात्पुरता रस्ता बांधून त्यावरून गाड्या नेल्या आणि काम संपल्यावर तो काढला. त्याच काठावर डिसेंबर 2023 मध्ये ईस्ट मिडटाऊन ग्रीनवे नावाचा चालण्याचा आणि सायकलींचा पट्टा लोकांना खुला झाला, पाण्यावरच. ते फोटो मी बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवले आणि लिहिलं, बघा, शुतोनेही हा रस्ता काढू नये. गाड्या गेल्या की लोकांना चालायला द्यावा. संध्याकाळी वाऱ्याला काय सुंदर वाटेल.

बाबांचा व्हॉइस मेसेज आला, चांगला लांब. थोडक्यात: अजिबात नाही. काढायच्या बोलीवर बांधलेलं काढलंच पाहिजे. ठेवलं की त्याची देखभाल कुणाच्या डोक्यावर, हे कुणी ठरवत नाही. पाच वर्षं सगळे त्यावर फोटो काढतील आणि मग तोच खारा पट्टा, तोच गंज, तीच ठिगळं. चालायला हवा असेल तर चालण्यासाठीच नवा बांधा, त्याचा वेगळा हिशेब करून. मेसेजच्या शेवटी मागे आईचा आवाज होता, "अहो, तिला फक्त फिरायला जागा हवीय."

मला अजूनही वाटतं की निदान एखादा तुकडा ठेवावा. पण बाबांच्या बोलण्यात दम आहे हे नाकारता येत नाही. 1963 मध्येही ज्यांनी रस्ता पाण्याच्या एवढा जवळ ठेवला, त्यांना पन्नास वर्षांनी खाली कोण आणि कसं शिरणार हा प्रश्न पडला नसावा, किंवा पडला तरी ऑलिंपिकपुढे त्याला वेळ नव्हता.

तर गुण. गुळगुळीतपणा पाचपैकी पाच. सलगपणा, म्हणजे शहराला आपलं काम चाललंय हे कळू न देणं, पाचपैकी पाच. चालवणाऱ्याचा निवांतपणा तीन, अरुंदपणामुळे. बघण्यासारखं काही असणं, गाडीतून एक, मोनोरेलमधून पाच. सगळं मिळून चार.

जायचं असेल तर: हानेडाहून शहरात येताना हानेडा लाइन घ्या, उलट दिशेला हा रस्ता मिळणार नाही. शुक्रवारची संध्याकाळ टाळा, हामाझाकिबाशीची रांग मागे सरकत सरकत कुठपर्यंत येईल याचा नेम नसतो, आणि पाण्यावर उभं राहून ब्रेक दाबत बसण्यात काही मजा नाही. रविवारी सकाळी लवकर उतरणारं विमान असेल तर उत्तम. कात्सुशिमानंतर डाव्या लेनमध्ये रहा, ट्रकला पुढे जाऊ द्या. आणि गाडीत कुणी निवृत्त इंजिनियर असेल तर आधी मोनोरेल दाखवा, मग गाडीत बसवा. प्रश्न निम्म्याने कमी होतात.